गर्भपाताला नवऱ्याची सही कशाला?

फोंडेकरीण: मैत्रिणीबरोबर एका खासगी इस्पितळात गेले होते. दोन मुलं आहेत, तिसरं नको, सातवा आठवडा. डॉक्टरीण बरी होती, अडलं बाहेरच्या टेबलावर. ‘मिस्टरांची सही आणा.’ मिस्टर बोटीवर, गणपतीला आले तर आले! 1971 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. मग हे खूळ कुणाचं?

वाळपईकर: खूळ नाही, भीती. उद्या सासरची दहा माणसं दारात आली तर टेबलावरच्या पोरीने काय करायचं? आणि ताई, तो कायदाही निर्णय बाईच्या हाती देत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, पुढे चोविसापर्यंत दोघांचं, तेही ठरावीक कारणांसाठीच.

फोंडेकरीण: ते खरं, आणि मला तेही खटकतं. पण मत डॉक्टरचं लागतं, नवऱ्याचं नव्हे. 2021 च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातून ‘विवाहित स्त्री वा तिचा नवरा’ हे शब्दही गेले, ‘कोणतीही स्त्री वा तिचा जोडीदार’ असं आलं. लग्नच न झालेलीकडे सही कुणाची मागणार? शेजाऱ्याची?

माशेलचा: सही-बिही राहू दे. जीव तो जीव. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हा हक्क काढून राज्यांवर सोपवला, ते काय सगळे वेडे?

निवृत्त सिस्टर: सत्तरी तालुक्यात बरीच वर्षं नोकरी केली. सहीसाठी परत पाठवलेली बाई घरी गप्प बसत नाही हो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते, कुणाला न विचारता घेते आणि रात्री रक्तस्राव घेऊन येते. काही जणी तर गावचं आरोग्य केंद्र सोडून थेट बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठतात, कारण केंद्रात नणंदेची मैत्रीण बसलेली असते. आपल्या गोव्यात कोण कुणाचं सोयरं नाही?

आणि माशेलच्या भावा, सविता हालप्पनवार आपल्या शेजारच्या बेळगावची. 2012 साली आयर्लंडात गॅलवेच्या इस्पितळात गेली. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे ठाऊक होतं, तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला. जंतुसंसर्गाने मेली. 2018 मध्ये तिथल्या 66 टक्के मतदारांनी राज्यघटनेतली बंदी उठवली. कॅथलिक पोर्तुगालनेही 2007 पासून दहा आठवड्यांपर्यंत मोकळीक दिली. ज्यांच्या पासपोर्टसाठी आपण रांगा लावतो, तेच हे!

माशेलचा: सविताचं वेगळं. आईच्या जिवावर बेतलं तर मीही नको म्हणणार नाही. ‘तिसरं नको’ हे वेगळं.

निवृत्त सिस्टर: बेतलं की नाही हे कोण ठरवणार? ‘अजून बेतलेलं नाही’ म्हणूनच तर तिथे थांबले होते.

वाळपईकर: फोंडेकरीणताई, मैत्रिणीचं पुढे काय झालं?

फोंडेकरीण: दुसऱ्या तालुक्यात सरकारी इस्पितळात गेलो. फॉर्मवर फक्त तिची सही, काम झालं. निघताना खिडकीतली बाई म्हणाली, ‘तू अमक्याची सून ना गो?’