प्रतिसाद: कॉलेज आलं की गाव सुधारतं?

वर एकांनी लिहिलंय की पुण्याजवळच्या लवळ्यात लिबरल आर्ट्सचं (कला, विज्ञान असे वेगवेगळे विषय एकत्र शिकवणारं) फ्लेम विद्यापीठ आलं आणि गावाचं सोनं झालं. अर्धंच पटलं.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचंच बघा. १८८५ साली पेठेतल्या वाड्यात सुरू झालं, दहा वर्षांनी टेकडीच्या पायथ्याशी आलं. तेव्हा तो भाग गावाबाहेर. मग हळूहळू आजूबाजूला वस्ती, खाणावळी, पुस्तकांची दुकानं आली. तिथलं गुडलक हे इराणी हॉटेल १९३५चं, म्हणजे कॉलेजनंतर पन्नास वर्षांनी! एवढा वेळ मिळाला म्हणून पोरं आणि गाव एकमेकांत मुरली.

लवळ्यात तसं नाही. फ्लेमला विद्यापीठाचा दर्जा २०१५ साली मिळाला. राहणं-जेवण सगळं आवारातच, गावाशी संबंध येतो तो गेटबाहेर. माझ्या मावसभावाची जवळच सूस गावाच्या रस्त्याला चहाची टपरी आहे. पाटीवर 'चहा, भजी' होतं, त्याखाली आता खडूने 'कोल्ड कॉफी' आलंय (स्पेलिंगचं विचारू नका). पोरं येतात, क्यूआर स्कॅन करतात, पेमेंटचा डबा ओरडतो 'साठ रुपये प्राप्त झाले', की निघाली. नावानं ओळखतो अशी दोनच, त्यातलं एक उधारी ठेवून पास होऊन गेलं.

धंदा वाढला, नाही म्हणत नाही. पण जागेचं भाडंही वाढलं, आणि जमीन विकून मोकळे झालेले त्याच रस्त्यावर सिक्युरिटीच्या गणवेशात उभे दिसतात. सूस २०२१ला पुणे महापालिकेत गेलं, तरी भाऊ अजून पाण्याच्या टँकरचीच वाट बघतो.