आधी पुलीच्या खाचा मोजा

‘मियाटाचं १.६ इंजिन सगळ्या वर्षांचं सारखंच, कुठलीही क्रँक पुली चालेल’ असं माझदाच्या या छोट्या स्पोर्ट्स गाडीबद्दल काही जण म्हणतात, ते पटलं नाही. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, आणि पुली म्हणजे त्याच्या पुढच्या टोकावर बसणारं, पट्टा फिरवणारं चाक. माझदाने १९९१ मध्ये क्रँकचं पुढचं टोक लांब केलं. आधीच्या आखूड टोकावर नंतरची टायमिंग बेल्टची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याची) पुली बसत नाही. पुलीवर टॉर्च मारून बघा: चार खाचा असतील तर क्रँक आखूड, आठ असतील तर लांब.

माझ्या १९९० च्या गाडीत पूर्वी कुणीतरी पुलीचा बोल्ट ढिला सोडला होता. चढावर दम जायचा म्हणून मी दोन महिने इग्निशनच तपासत बसलो. शेवटी पुली धरली तर ती हातात डुगडुगली. आत चावीची (पुली क्रँकवर घसरू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या तुकड्याची) खाच झिजून रुंद झालेली, भोवती तांबूस भुकटी. अशा क्रँकवर नवी पुली चढवण्यात पैसे घालू नका, लांब टोकाचं अख्खं इंजिनच शोधा.