शब्दचर्चा : ‘वॉशिंग्टन’ – आधी गाव की आधी माणूस?

प्रश्न असा आला होता : “अमेरिकेच्या राजधानीला जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव दिलं, हे ठाऊक आहे. पण त्यांना ते आडनाव कुठून मिळालं? ‘वॉशिंग’चा धुण्याधाण्याशी काही संबंध आहे का?”

धुण्याशी काडीचाही संबंध नाही. हे आडनाव गावावरून पडलेलं आहे आणि ते गाव आजही आहे. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल आणि संडरलँड या शहरांच्या जवळ. पूर्वी ते डरहॅम परगण्यात मोडायचं.

आधी जुन्या इंग्रजीतली फोड करू. वॅसा (किंवा ह्वॅसा) हे माणसाचं नाव, ‘इंग’ म्हणजे त्याच्याशी निगडित, आणि ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. जर्मनमध्ये याच शब्दाचं भावंड ‘त्साउन’ आजही कुंपणालाच म्हणतात. इंग्रजीत मात्र कुंपणाच्या आतली शेतवस्ती, मग गाव, मग शहर असा अर्थ फुगत गेला. आपल्या ‘वाडी’चीही हीच चाल आहे : संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणातली जागा, त्यातून वाडा आणि वाडी. तेव्हा ‘वॉशिंग्टन’चं मराठी करायचंच तर ‘वॅसाची वाडी’. न्यूटन म्हणजे नवी वाडी, अगदी ‘नवेगाव’च. आडनावांतला ‘टन’ बहुतेकदा हाच असतो.

आता गावाचं आडनाव कसं झालं ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. ११८३ मध्ये डरहॅमच्या बिशपने आपल्या जमिनींची आणि त्यांवरून मिळणाऱ्या उत्पन्नाची नोंदवही करवून घेतली. तिला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. त्यात विल्यम द हार्टबर्न नावाच्या सरदाराची नोंद आहे. त्याने हार्टबर्न गाव सोडून त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. चर्च आणि चर्चची जमीन वगळून. वर्षाला चार पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं, असा ठराव. जमीन बदलली तसं नावही बदललं : हार्टबर्नचा विल्यम पुढे वॉशिंग्टनचा विल्यम झाला. त्या काळचं स्पेलिंग ‘वेसिंग्टन’च्या जवळचं होतं.

म्हणजे या माणसाचं आडनाव त्याच्या वाडवडिलांचं नव्हतं, त्याच्या सातबाऱ्याचं होतं. आपल्याकडे ‘कर’ लावलेली आडनावं बहुधा गाव सोडल्यावर चिकटतात, कारण गावात सगळेच त्या गावचे, तिथे तेवढ्याने ओळख पटत नाही. इंग्लंडमध्येही सामान्य माणसांचं असंच झालं. जमीनदारांचं उलट होतं. जे गाव ताब्यात, त्याचं नाव. आपल्याकडचं याच्या जवळचं उदाहरण निंबाळकरांचं : घराणं मूळ पवारांचं, निंबळक गावावरून निंबाळकर झालं आणि पुढे फलटणला राज्य करतानाही निंबाळकरच राहिलं. वॉशिंग्टन घराण्याचंही नंतर तसंच झालं. एकदा आडनाव गोठलं, की जमीन गेली तरी ते हलत नाही.

आणखी एक विचारणा होती : “मग ‘वॉशिंग्टनकर’सारखं काही का नाही?”

होतं की! विल्यमच्या नावातला ‘द’ हा फ्रेंच ‘चा’. १०६६ नंतर फ्रान्सच्या बाजूने आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर तो इंग्लंडात आला आणि पुढे झिजून गळाला. म्हणून इंग्रजी आडनावात नुसतं गावच उभं दिसतं, आणि ते आडनाव आहे की पत्ता हे कळत नाही. आपला ‘कर’ टिकला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. डरहॅम कॅथीड्रलच्या मठाचा १४१६ ते १४४६ या काळातला प्रमुख, जॉन वेसिंग्टन, याच घराण्यातला मानतात. एक शाखा लँकेशरमध्ये गेली. तिथून लोकरीच्या व्यापारात नॉर्दॅम्प्टनला आलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. घराण्याचं चिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. तेच चिन्ह आज राजधानीच्या, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.च्या झेंड्यावर आहे. १६५० च्या दशकात जॉन वॉशिंग्टन व्हर्जिनियात पोचला. जॉर्ज त्याचा पणतू, जन्म १७३२. राजधानीला नाव दिलं ते १७९१ मध्ये. म्हणजे माणसावरून गाव, गावावरून माणूस, माणसावरून पुन्हा शहर.

चक्र इथे थांबलं नाही, आणि शब्दकोशात न सापडणारा भाग तो हाच. २००० च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते आणि त्यातले जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्या सुमारास अनेकांनी हे आडनाव स्वतः निवडलं. ते सगळे वॉशिंग्टन घराण्याचे गुलाम होते, असं समजणं चूक आहे. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय : शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा बाकीच्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन नावं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. यांना फक्त ‘बुकर’. आपली पाळी येईपर्यंत काहीतरी सुचायला हवं होतं. मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘बुकर वॉशिंग्टन’. आईने आधीच ‘टॅलिफेरो’ असं नाव ठेवलं होतं, हे नंतर कळलं. ते मधलं ‘टी’ त्याचंच.

बाराव्या शतकातल्या सरदाराने जमिनीबरोबर नाव घेतलं, या मुलाने भर वर्गात घेतलं. माझ्या मते दोघांचा हक्क सारखाच, आणि मुलाचा अधिक कष्टाचा.

शेवटची शंका ससेक्समधल्या वॉशिंग्टनबद्दल होती. ते इंग्लंडच्या दक्षिणेचं वेगळं गाव, राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. आणि या आडनावाच्या कुणाला “जॉर्ज वॉशिंग्टनचे वंशज का?” असं विचारू नका. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं.