विषबाधा की विषप्रयोग?

प्रश्न: इंग्रजी रहस्यकथेचा अनुवाद करते आहे. घरातल्या वृद्ध मालकिणीला स्ट्रिक्निन देऊन मारलं आहे. ‘विषबाधेने मृत्यू’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. शिवाय विष देणाऱ्या माणसासाठी मराठीत एकच शब्द आहे का? आणि आर्सेनिकला काय म्हणावं?

उत्तर: ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. बाधा म्हणजे शरीराला झालेला त्रास. तो कुणी घडवून आणला का, याबद्दल ‘विषबाधा’ हा शब्द काहीच बोलत नाही. लग्नाच्या जेवणातून शंभर जणांना होते ती विषबाधा. ‘विषप्रयोग’ म्हटलं की त्यामागे कुणाचा तरी हात आला, हेतू आला.

मात्र विषप्रयोग म्हणजे खून नव्हे. बडोद्याचं प्रकरण बघा. 9 नोव्हेंबर 1874 रोजी तिथले रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर सकाळी फिरून आले आणि नेहमीचं पपनसाचं सरबत प्यायला बसले. एक-दोन घोट घेतल्यावर मळमळलं, म्हणून उरलेलं बाहेर ओतलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासात त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड निघाली. फेयर वाचले, तरी मराठीत हे प्रकरण ‘विषप्रयोगाचा खटला’ म्हणूनच ओळखलं जातं, आणि ते अगदी चोख आहे. आरोप आला तो बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर, आणि त्यांच्या चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी मानला नाही. पेल्यात विष होतं यावर वाद नव्हता. ते कुणाच्या सांगण्यावरून पडलं, यावर होता. शेवटी 1875 मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराचं कारण देऊन पदच्युत केलं. मला हा निवाडा आजही अन्यायाचा वाटतो. जे सिद्ध झालं नाही त्याचीच शिक्षा दुसऱ्या नावाने दिली गेली.

आर्सेनिकला ‘सोमल’ लिहा. पिवळा तो हरताळ, तांबडी ती मनशीळ. खुनाच्या कथांमध्ये येतो तो बहुधा पांढरा सोमल. स्ट्रिक्निन हे काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या बियांतून निघतं, पण इंग्रज डॉक्टरच्या तोंडी कुचला शोभणार नाही, तिथे स्ट्रिक्निनच राहू द्या.

दुसरं उत्तर: वरच्या मताशी सहमत, पण ‘विषबाधा’ सरसकट काढू नका. डॉक्टर प्रेत तपासून बोलतो तिथे तोच शब्द हवा. फ्रान्समधला मारी लाफार्जचा 1840 चा खटला आठवा. नवऱ्याला सोमल दिल्याचा तिच्यावर आरोप होता. स्थानिक रसायनज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून विषतज्ज्ञ ऑर्फिलाला बोलावलं. त्याने मार्शच्या 1836 च्या चाचणीने शरीरात आर्सेनिक दाखवून दिलं. ही चाचणी येण्याआधी सोमलाचे बळी पटकीचे (कॉलऱ्याचे) म्हणून सहज खपत, कारण उलट्या-जुलाब तसेच होतात. पण रसायनज्ञाने सांगितली ती विषबाधा; विषप्रयोग कुणी केला ते ज्यूरीने ठरवलं. तुमच्या कथेतही शब्द असाच बदलू द्या: आधी डॉक्टरची विषबाधा, मग पोलिसांचा विषप्रयोग. वाचकाला संशय केव्हा पक्का झाला ते आपोआप कळेल.

संवादात मात्र दोन्ही नकोत. मोलकरीण ‘दुधात विष घातलं’ असंच म्हणेल. घालतात ते पदार्थात. ‘पाजलं’, ‘चारलं’ म्हटलं की बळी पडलेला माणूस समोर उभा राहतो.

देणाऱ्यासाठी संस्कृतात ‘विषद’ आहे. सुश्रुताच्या आयुर्वेदग्रंथातल्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, राजाच्या स्वयंपाकघराची राखण सांगताना, विष देणारा कसा ओळखावा तेही दिलं आहे: विचारलं तर उत्तर देत नाही, बोलू लागला तर गडबडतो. कौटिल्य विष देणाऱ्या हेराला ‘रसद’ म्हणतो. पण मराठीत रसद म्हणजे सैन्याचा शिधा, आणि ‘विशद’च्या जागी चुकून ‘विषद’ लिहिणारे इतके आहेत की घोटाळाच होईल. ‘विषदाता’ वापरता येईल, जरा भारदस्त असला तरी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. डॉक्टरच्या प्रकरणापर्यंत ‘विषबाधा’ ठेवते, पुढे ‘विषप्रयोग’. ‘विषदाता’ फक्त सरकारी वकिलाच्या भाषणात घेईन.