कवडसा सरकतो तेव्हा

वसंतातलं ऊन पडलं की रोजचा रस्ताही नवा वाटतो, ओळखीच्या जागा बदलल्यासारख्या दिसतात, पण हे सगळे मनाचे खेळ, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. ऊन पडलं की सगळं नवं वाटतं, हे अगदी पटलं. ‘सगळे मनाचे खेळ’ हे मात्र नाही पटलं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र पाहणं नसून उजेड किती आहे हे मेंदूतल्या, झोप-जागेच्या वेळा सांभाळणाऱ्या घड्याळाला कळवणं असतं. ऑफिसातल्या दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), भर उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो. डोळे जुळवून घेतात म्हणून एवढा फरक जाणवत नाही, इतकंच. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळी उदासीचं वर्णन केलं, तेव्हा उपचार म्हणून चक्क प्रखर उजेडच वापरून पाहिला होता.

आता ओळखीच्या जागा बदलण्याबद्दल. थंडीत सूर्य खाली असतो, त्यामुळे माझ्या खिडकीतला कवडसा पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचायचा. आता सूर्य वर चढलाय आणि कवडसा मागे सरकत टेबलाच्या कडेवर आलाय. परवा त्यात लाकडाच्या बारीक रेषा दिसल्या, वर्षानुवर्षं तिथे बसूनही कधी न पाहिलेल्या. काचेवरचे बोटांचे ठसेही दिसले म्हणा! मन प्रसन्न झालं, आणि लगेच उठून फडकं शोधावं लागलं.