शिकागोतले आयरिश पब आणि कोपऱ्यावरचे बार : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डे हा आयरिशांचा सण आला की भारतातून हमखास फोन येतात, "तुमच्याकडे नदी हिरवी करतात म्हणे!" करतात. १९६२ पासून प्लंबर युनियनची माणसं करतात. पाइपची गळती शोधायला वापरायचा रंग होता तो. पहिल्या वर्षी शंभर पौंड ओतला, तर नदी आठवडाभर हिरवीच राहिली. गंमत म्हणजे ओतताना पूड नारिंगी दिसते. पण त्या दिवशी डाउनटाउनच्या गर्दीत हिरवी बीअर पिऊन आलेल्याने "आयरिश पब पाहिला" म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथली जुनी कपाटं, भिंतीवरची सायकल, धुरकटलेले आरसे हे सगळं बऱ्याचदा आयर्लंडमध्ये बनवून कंटेनरमधून आणलेलं असतं. माझा जीव रमतो तो बाहेर 'ओल्ड स्टाइल' बीअरची पाटी लटकत असलेल्या बारात. मालक आयरिश असो, पोलिश असो नाहीतर मेक्सिकन. आत टीव्हीवर बेसबॉल आणि वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणारी माणसं.

तर लिहा. न पिणाऱ्यांनी आधी लिहा.

बेव्हर्लीची सून

न पिणारी मी, म्हणून आधी. नवरा साउथ साइडचा आयरिश, सासरचे तीन पिढ्या पोलीस आणि अग्निशमन दलात. आमच्या बेव्हर्ली भागात वेस्टर्न ॲव्हेन्यूची पूर्वेकडची बाजू कोरडी, बार सगळे पश्चिमेकडे. रस्ता ओलांडला की दारू. मी नगर जिल्ह्यातली. आमच्या गावात आडवी बाटली निवडून आली तेव्हा आई शेतातलं काम टाकून मतदानाला गेली होती. शिकागोतही मतदान करून आपल्यापुरता प्रिसिंक्ट (मतदानाचा छोटा विभाग) कोरडा करता येतो, हे सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मी तिला उभी-आडवी बाटली समजावून सांगितली. ती इतकी हसली की तेव्हापासून आमचं जमलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सासरे गेले. चर्च झालं, दफन झालं आणि तिथून सगळे थेट पबात. मी गाडीत नवऱ्याला विचारलं, "आत्ता?" आमच्याकडे तेरा दिवस घरात गोड शिजत नाही. इथे मागच्या खोलीत टेबलं लावलेली, सँडविच, बटाटे, व्हिस्की, आणि प्रत्येक जण सासऱ्यांचे किस्से सांगतोय. त्यांनी शेजाऱ्याची गाडी चुकून फोडून उघडली होती, तो किस्सा तर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितला. लोक रडत होते आणि हसतही होते. सासूबाई मध्यभागी चहा घेऊन बसलेल्या. मालकाने जेवणाचे पैसे घेतले, व्हिस्कीचे घेतले नाहीत. पहिला तासभर मला ते सहन होईना. मग माझ्याही तोंडून एक किस्सा निघाला, त्यांनी माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी टोस्टला लावून खाल्ल्याचा.

ठेका

मी तबला वाजवतो, म्हणजे मंडळाच्या भजनापुरता. इथल्या एका पबात रविवारी सेशन, म्हणजे आयरिश संगीताची बैठक, असतं. मंच नाही, माइक नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गोल करून बसतात, फिडल (व्हायोलिन), बासरी, काँसर्टिना (हातातली छोटी भात्याची पेटी), एखादं बोव्हरान (आयरिश डफ). एक चाल साधारण तीनदा वाजली की न थांबता पुढची. नाचाच्या चालींपैकी जिग म्हणजे सहाचा हिशोब, तीन-तीन. दादऱ्यावर पोसलेल्या माणसाचा हात आपोआप मांडीवर पडतो. रील ही दुसऱ्या जातीची चाल ऐकताना केरवा आठवतो, पण वजन वेगळ्या जागी येतं. तिथे केरवा ठोकला की चाल पांगळी होते. शिष्टाचार असा की न विचारता तालवाद्य काढायचं नाही आणि एका वेळी एकच बोव्हरान. मला हा नियम आपल्या भजनी मंडळांत आणावासा वाटतो, टाळांच्या बाबतीत.

शिकागोचं या संगीतावर मोठं ऋण आहे. फ्रान्सिस ओनील नावाचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा माणूस इथे १९०१ ते १९०५ पोलीसप्रमुख होता. त्याला चाली पाठ, पण स्वरलेखन येत नव्हतं. मग जेम्स ओनील या सार्जंटने (नातं काही नाही, आडनाव एक) ऐकून लिहून घेतल्या. १९०३ च्या संग्रहात १८५० चाली आहेत. ज्या चाली आयर्लंडमध्येच विरत चालल्या होत्या, त्यातल्या कितीतरी इथल्या पोलिसांमुळे टिकल्या. पोलीस ठाण्यातून असं काही बाहेर येतं यावर माझ्या वडिलांचा अजून विश्वास नाही.

काउंटरवरची खुर्ची

सांगलीत परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, आत अंधार, आणि आपण बाईमाणूस म्हणजे समोरचा फुटपाथ बदलायचा. इथे ऑफिस सुटल्यावर मी एकटी काउंटरवर बसते, पुस्तक उघडते, कोणी ढुंकून बघत नाही. उठावं लागलं तर ग्लासवर कोस्टर (ग्लासखालची चकती) ठेवायचा, म्हणजे जागा माझी आणि ग्लासही कोणी उचलत नाही. एकदा एक पाहुणा गडी फारच गप्पा मारायला लागला. बारटेंडर बाईने त्याला काहीच म्हटलं नाही, फक्त त्याचं बिल त्याच्यासमोर आणून ठेवलं.

चकणा मात्र विसरा. फार तर पॉपकॉर्न.

वसईकर

आम्ही वसईचे ख्रिस्ती. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) उलटला की शुक्रवारी मांस बंद, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. शिकागोत आलो त्या वर्षी शुक्रवारी बाराबाहेर 'फिश फ्राय'चा फळा दिसला आणि आत बघतो तर चर्चची निम्मी मंडळी! कॉड बिअरच्या पिठात बुडवून तळलेला, बरोबर बटाटे आणि कोबीची कोशिंबीर. आमच्या आईचं बोंबलाचं कालवण आठवून खाऊ नये, निराशा होईल. पण माणसं ओळखीची वाटली. २०२३ साली १७ मार्च नेमका उपवासकाळातल्या शुक्रवारी आला होता. अमेरिकेतल्या बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती मांसाची सूट दिली, कारण कॉर्न्ड बीफशिवाय (खारवलेलं गोमांस) सेंट पॅट्रिक म्हणजे काय? आणि ते कॉर्न्ड बीफ आयर्लंडचं नाहीच मुळी. न्यूयॉर्कला उतरलेल्या गरीब आयरिशांना ज्यू खाटकांकडे ते स्वस्तात मिळायचं.

शुद्ध शाकाहारी (बीअर सोडून)

कामाचं तेवढं सांगते. शेफर्ड्स पाय (खिम्यावर बटाट्याचा थर) म्हणजे मेंढीचं असं समजून मागवू नका, अमेरिकेत त्यात बहुतेकदा गोमांस असतं. विचारा. गिनीज ही आयरिश बीअर गाळायला पूर्वी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत, तो काही वर्षांपूर्वी बंद झाला, तेव्हा निर्धास्त प्या. आणि टॅव्हर्न पिझ्झा, पातळ, चौकोनी तुकडे केलेला, एका हातात ग्लास धरून दुसऱ्या हाताने खाता यावा असा. त्यावर जार्दिनेरा मागा. ते तेलातलं लोणचंच आहे.

एच-वनवाला

धागाकर्त्याशी असहमत. कोपऱ्यावरचा बार ज्याचा आहे त्याच्यासाठी छान असतो. मी नवीन असताना घराजवळच्या एका बारात शिरलो तर अख्खी रांग वळून बघायला लागली. कोणी वाईट बोललं नाही, चांगलंही नाही. आयडी म्हणून पासपोर्ट दिला तर तो हातोहात फिरला. कार्ड चालत नव्हतं, कोपऱ्यातल्या एटीएमने माझ्याच पैशांवर माझ्याकडून चार डॉलर घेतले. उलट तुम्ही नावं ठेवता त्या डाउनटाउनच्या नकली पबात सगळेच परके, त्यामुळे कोणी परका नाही. माझी पहिली मित्रमंडळी तिथेच जमली. कंटेनरमधून आलेलं लाकूड असलं म्हणून काय झालं, आपणही विमानातूनच आलो.

दवणा

मालॉर्टबद्दल कोणीच लिहिलं नाही? शिकागोकर नव्या माणसाला ही दारू पाजून त्याच्या तोंडाचा फोटो काढतात. वर्मवुडची असते, म्हणजे जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली वनस्पती. वास सोडा, चव काडेचिराइताची. मला आवडली. लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

ब्रिजपोर्ट

शेवटी मी, बाबांच्या वतीने. आमच्या ब्रिजपोर्ट भागात १८८१ पासूनचा शॅलर्स पंप नावाचा बार होता, समोरच डेमोक्रॅटिक पक्षाचं वॉर्ड ऑफिस, त्यामुळे महापालिकेपेक्षा जास्त निर्णय तिथे व्हायचे म्हणतात. २०१७ साली तो बंद पडला. आम्ही जातो तो साधा, पण व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानापासून चालत. बाबा कोल्हापुराहून दर उन्हाळ्यात येतात. पीत नाहीत. दिवसभर आम्ही ऑफिसात आणि घरात बोलायला भिंती. एका दुपारी स्वतःच चालत गेले, सोडा-लिंबू मागितलं. बारटेंडर सोड्याचे पैसे घेईना, हे फुकट घेईनात. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला, पैसे टिपच्या बरणीत. तिथल्या निवृत्त ट्रकवाल्यांनी बाबांना बेसबॉल शिकवला, बाबांनी काउंटरवर कोस्टर मांडून त्यांना लेग बाय शिकवायचा प्रयत्न केला. परत गेल्यावरही फोनवर माझी खुशाली नंतर, सॉक्सचा स्कोअर आधी. २०२४ साली सॉक्स १२१ सामने हरले. त्या वर्षी जूननंतर बाबा फक्त नातवंडांबद्दलच विचारत होते.