‘छापखान्याकडे जामीन मागितला’ : जामीन, मुचलका की अनामत?

प्रश्न : इंग्रजी अमदानीतल्या वृत्तपत्रांविषयी वाचताना ‘छापखान्याकडे जामीन मागितला’ असे येते. अटक तर कुणालाच झालेली नसते. मग हा जामीन कसला? आणि मुचलका म्हणजे तेच का?

उत्तर १ : नाही. मुचलका म्हणजे स्वतः लिहून दिलेली हमी. शब्द मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. ‘जातमुचलका’ कोर्टात अजून चालतो. जामीन अरबी, मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. १९१६ साली भाषणांवरून टिळकांकडे वर्षभराच्या सद्वर्तनासाठी २०,००० रुपयांचा मुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन मागितले होते. हे दोन जामीन म्हणजे दोन माणसे. पुढे मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

उत्तर २ : छापखान्याच्या जामिनात मात्र माणूस नाहीच. १९१० च्या प्रेस ॲक्टात जामीन म्हणजे रोकड किंवा सरकारी रोखे, मॅजिस्ट्रेटकडे ठेवायचे. आज आपण त्याला अनामत म्हणू. नव्या छापखान्याला ५०० ते २,०००, आधीपासून चालणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये. ती जप्त झाली की छापखान्याचे डिक्लरेशनही (छापखाना चालवण्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे करायचे निवेदन) रद्द. नवे करायचे तर १,००० ते १०,०००. पुन्हा आक्षेपार्ह मजकूर निघाला तर या रकमेसोबत छापखानाही जाई.

म्हणून ‘जामीन जप्त’ला कृपया ‘दंड झाला’ म्हणू नका. दंड खटला चालवून कोर्ट करते. ही जप्ती प्रांतिक सरकारच्या हुकमाने होई आणि दाद मागायची तर त्यानंतर, दोन महिन्यांत हायकोर्टात. आधी शिक्षा, मग सुनावणी. सगळा अन्याय या क्रमात आहे, आणि ‘दंड’ लिहिले की तो झाकला जातो.

उत्तर ३ : १८७८ च्या, व्हाइसरॉय लिटनच्या देशी वृत्तपत्र कायद्याबद्दल लिहिताना ‘मुचलका’ही हवा. सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणारे काही छापणार नाही, असे मुद्रक-प्रकाशकाकडून लिहून घेत, वर अनामतही मागता येई. कोर्टात अपील नाही. कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना, त्यामुळे बंगाली-इंग्रजी निघणारी कलकत्त्याची ‘अमृतबझार पत्रिका’ त्याच वर्षी मार्चमध्ये पूर्ण इंग्रजी झाली.

प्रश्नकर्ता : मग जुना उतारा देताना शब्द बदलावा का?

उत्तर २ : उताऱ्यात ‘जामीन’च राहू द्या, तळटीपेत ‘अनामत रक्कम’ लिहा. ‘जामिनकी’ मात्र इथे नको. ती जामीन राहणाऱ्या माणसाची जबाबदारी.